डोमेन दुसऱ्याच्या नावावर? लवादाची वाट, पायरीपायरीने

'आमच्या नावाची वेबसाइट कुणीतरी ढापली' असा फोन आला की मी हळहळत बसत नाही, वही उघडते. पानावर तीन तारखा लिहायच्या. तुम्ही ते नाव धंद्यात कधीपासून वापरताय, समोरच्याने डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) कधी घेतलं, आणि त्यावर उद्योग कधी सुरू झाले. डोमेनच्या भांडणात पुढे जे होतं ते बरंचसं या तीन तारखांच्या क्रमावर ठरतं. तिन्ही कागदावर आल्याशिवाय वकील, फी, नोटीस यातल्या कशालाही हात लावू नका.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. तुमचा मसाल्याचा धंदा आहे आणि ब्रँडचं नाव 'मिरझणका'. (नाव आत्ता बसल्या बसल्या बनवलंय.) 'मिरझणका डॉट कॉम' उघडलं तर तिथे भलत्याच कंपन्यांच्या मसाल्यांच्या जाहिराती, आणि वर पट्टी: 'हे डोमेन विक्रीस आहे'.

आधी बघा, चोरी आहे की विसरभोळेपणा

डोमेन आधी तुमच्याकडेच होतं का? मग बहुतेकदा कुणी चोरलेलं नसतं, नूतनीकरण राहिलेलं असतं. ज्या कार्डवरून पैसे कापले जायचे ते कार्ड बदललं, आणि आठवणीचे ईमेल गेले कधीच सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की ते लगेच मोकळं होत नाही. रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवलं तिच्या, धोरणाप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते, ते काढून टाकल्यावर ३० दिवस जादा दंड भरून परत घेता येतं, आणि शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही. बरेच रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच नाव लिलावाला काढतात, म्हणून ४५ दिवस आहेत असं समजून गाफील राहू नका. या खिडकीत असाल तर लवाद वगैरे विसरा, आजच रजिस्ट्रारला फोन करा.

दुसरा प्रकार आपल्याकडे फारच दिसतो. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात घेतलं. पुढे पैशांवरून वाजलं आणि आता तो पासवर्ड देत नाही. लवादाची प्रक्रिया दुसऱ्याचं ट्रेडमार्क बघून नाव बळकावणाऱ्यांसाठी आहे. दोघांमधला करार काय होता, बिल कुणी थकवलं, हे उकरून काढायची तिची तयारी नसते, आणि निर्णय देणारं पॅनेल अनेकदा 'हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा' असं सांगून तक्रार फेटाळतं. 'तुमच्यासाठी डोमेन बुक केलंय' असं लिहिलेला त्याचा ईमेल किंवा बिलावर 'डोमेन नोंदणी' अशी वेगळी ओळ असेल तर गोष्ट निराळी. ते असेल तर जपून ठेवा. नसेल तर थकलेलं बिल भरून डोमेन सोडवून घेणं हा कित्येकदा सगळ्यात स्वस्त तोडगा असतो. ऐकायला कडू आहे, पण हिशेब करून बघा.

तिसरी शक्यता: त्या साइटवरून तुमच्या नावाने गिऱ्हाइकांकडून पैसे उकळले जातायत. मग दोन महिने चालणाऱ्या प्रक्रियेची वाट बघू नका. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांकडे तक्रार करा, होस्टिंग कंपनीला (जिच्या सर्व्हरवर ती साइट आहे) कळवा. लवाद नंतर.

शेपूट बघा, दार ठरेल

डोमेनच्या शेवटी काय आहे त्यावर कुठे जायचं ते ठरतं.

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग, शिवाय डॉट शॉप, डॉट ऑनलाइन असल्या नव्या शेपटांना 'यूडीआरपी' लागू होते, म्हणजे डोमेनचे तंटे सोडवायचं जगभरचं सामाईक धोरण. जगभरच्या डोमेनव्यवस्थेचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने ते १९९९ मध्ये आणलं. डोमेन घेताना आपण ज्या लांबलचक अटींवर न वाचता टिचकी मारतो, त्यात 'माझ्यावर अशी तक्रार आली तर मी या प्रक्रियेला बांधील राहीन' असं कलम असतं. समोरचा माणूस कुठल्याही देशात असो, तो या प्रक्रियेत ओढला जातो तो या कलमामुळे. तक्रार आयकॅनकडे करायची नसते, तिने मान्यता दिलेल्या संस्थेकडे करायची. सगळ्यात परिचित म्हणजे जिनिव्हाची 'वायपो', जागतिक बौद्धिक संपदा संघटना.

डॉट इन, डॉट को डॉट इन आणि देवनागरीतलं डॉट भारत यांच्यासाठी आपलं स्वतःचं धोरण आहे, 'आयएनडीआरपी'. ते २००५ पासून आहे आणि चालवते 'निक्सी', म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया.

बोलताना आपण दोन्हींना लवादच म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत फरक आहे. निक्सीचा लवाद हा १९९६ च्या लवाद कायद्याखालचा खराखुरा लवाद, त्याचा निवाडा म्हणजे अवॉर्ड. यूडीआरपी ही प्रशासकीय प्रक्रिया. तिचा निकाल रजिस्ट्रार अमलात आणतो, पण तो तुम्हाला किंवा समोरच्याला कोर्टात जाण्यापासून अडवत नाही.

'मिरझणका डॉट कॉम' आणि 'मिरझणका डॉट इन' दोन्ही गेली असतील तर दोन दारं, दोन फिया. आधी कशासाठी भांडायचं ते गिऱ्हाईक कुठे येतं त्यावर ठरवा.

तीन मुद्दे, आणि त्यातला 'आणि'

दोन्हीकडे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्ही. दोन पक्क्या आणि एक ढिली असेल तर तक्रार पडते.

पहिली: डोमेन तुमच्या हक्काच्या नावाशी तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतकं जुळतं. ही सोपी पायरी. एखादं अक्षर बदलल्याने सुटका होत नाही. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफने 'रॅडिफ डॉट कॉम'विरुद्ध मनाई मिळवली, ती एका स्वराच्या फरकावरच. ते कोर्टाचं प्रकरण, पण तत्त्व तेच. खरा प्रश्न असतो तुमचा 'हक्क' कुठे दिसतो हा. नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर प्रमाणपत्र जोडलं की झालं. नुसता अर्ज केलेला असेल तर तेवढं पुरत नाही. मग वर्षानुवर्षांची विक्री, जाहिराती, बातम्या, पाकिटांचे फोटो लावून दाखवावं लागतं की लोक या नावाने तुम्हालाच ओळखतात. नोंदणी नसलेल्या नावालाही, अगदी डोमेनच्या नावालाही, भारतात संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सत्यम इन्फोवे प्रकरणात स्पष्ट केलं. भांडण 'सिफी' या बनवलेल्या शब्दावरून होतं, समोरच्याने 'सिफीनेट' घेतलं होतं.

बनवलेला शब्द, हे लक्षात घ्या. सन २००० मध्ये वायपोपुढे दोन प्रकरणं आली. अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्सला तिच्या नावाचं डोमेन मिळालं. गायक स्टिंगला मिळालं नाही, कारण 'स्टिंग' हा इंग्रजीतला रोजचा शब्द, त्याचा अर्थ डंख. तो वापरायला कुणालाही मुभा. आपल्याकडे 'माउली', 'साई', 'स्वाद', 'अन्नपूर्णा' अशी नावं धरून भांडायला निघालेल्यांना मी हे आवर्जून सांगते. अशा नावांवर गल्लोगल्ली दुकानं आहेत. 'मिरझणका'चं तसं नाही, तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडात यायचं कारणच नाही.

दुसरी: समोरच्याचा त्या नावावर काही रास्त हक्क नाही. त्याचं आडनाव तेच आहे का, तो त्या नावाने खरंच काही धंदा करतो का, नफा न कमावता टीका करणारी साइट आहे का, हे बघा. तुमचाच विक्रेता असेल तर सांभाळून. २००१ च्या ओकी डेटा प्रकरणात कंपनीने आपल्याच अधिकृत विक्रेत्याविरुद्ध तक्रार केली आणि ती हरली. तो फक्त तिचाच माल विकत होता आणि कंपनीशी आपलं नातं काय ते साइटवर सरळ सांगत होता.

तिसरी: वाईट हेतू. तारखांची वही इथे उपयोगी पडते. यूडीआरपीत डोमेन वाईट हेतूने घेतलेलं असावं लागतं आणि वाईट हेतूने वापरलेलं असावं लागतं. आयएनडीआरपीत यापैकी एक पुरतं, तिथे शब्द 'किंवा' आहे. समजा तुम्ही 'मिरझणका' नाव २०१९ मध्ये सुरू केलं आणि डोमेन त्याने २०१६ मध्येच घेतलेलं आहे. तेव्हा तुमचा ब्रँडच नव्हता, मग त्याने तुम्हाला लुबाडायला ते घेतलं असं कसं म्हणणार? यूडीआरपीत असा दावा बहुधा तिथेच संपतो. डोमेन मधे विकलं गेलं असेल तर मात्र नव्या मालकाने ते घेतलं ती तारीख धरतात. फक्त नूतनीकरण केलं तर नाही. म्हणून इंटरनेट अर्काइव्हवर त्या पत्त्याची जुनी पानं एक-एक उघडून बघा. २०१६ मध्ये तिथे एखाद्या भलत्याच उद्योगाचं पान होतं आणि २०२२ पासून मसाल्याच्या जाहिराती, असं दिसलं तर तुमची केस बदलली.

वाईट हेतू म्हणजे काय याचं सगळ्यात सरळ उदाहरण वायपोच्या पहिल्याच प्रकरणातलं. एका माणसाने 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन डॉट कॉम' १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये घेतलं आणि तीनच दिवसांनी त्या कुस्ती कंपनीला ईमेल करून १००० डॉलरला विकायला काढलं. निकाल जानेवारी २००० मध्ये, कंपनीच्या बाजूने. दुसरा प्रकार गिऱ्हाईक वळवण्याचा: 'द इकॉनॉमिक टाइम्स डॉट कॉम' उघडणारा वाचक बातम्यांच्या भलत्याच साइटवर जाऊन पडायचा. ही वर्तमानपत्रं काढणाऱ्या मुंबईच्या बेनेट कोलमनने ते डोमेन आणि 'द टाइम्स ऑफ इंडिया डॉट कॉम' मार्च २००० मध्ये वायपोकडून मिळवलं. आणि नुसतं घेऊन काहीच न करणं? तेही चालत नाही, नाव पुरेसं प्रसिद्ध असेल तर. टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियातल्या टेलिफोन कंपनीच्या प्रकरणात समोरच्याने साइट उघडलीच नव्हती, पत्ता खोटा दिला होता आणि नाव लावलं होतं 'न्यूक्लिअर मार्शमेलोज'. पॅनेलने डोमेन काढून घेतलं.

कागद गोळा करणं

इथे साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते, बहुतेक वेळा सुनावणीही नसते. तुम्ही जोडलेली पानं वाचून निर्णय होतो. तेव्हा वेळ घालवायचाच असेल तर इथे घालवा.

तक्रारीची कुणकुण समोरच्याला लागण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मोबाइलवर नको, संगणकावर. वर पूर्ण पत्ता दिसला पाहिजे आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ कापली जाता कामा नये. पहिलं पान झालं की एकेका दुव्यावर जा. जाहिरातींचं पान असेल तर 'संबंधित शोध' म्हणून जे शब्द लावलेले असतात त्यांचाही फोटो घ्या. तिथे 'मालवणी मसाला', 'कांदा लसूण मसाला' असं दिसलं तर तो तुमच्या नावावर तुमच्याच धंद्यातल्या टिचक्यांचे पैसे खातोय याचा तो पुरावा. विक्रीची पट्टी असेल तर किंमत दिसेल असा फोटो. दुसऱ्या दिवशी मोबाइल नेटवरून पुन्हा बघा, काही साइट वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं दाखवतात.

मग डोमेनची नोंद काढा. पूर्वी 'हू इज' या डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत मालकाचं नाव-पत्ता मिळायचा. २०१८ पासून युरोपच्या गोपनीयता कायद्यामुळे बहुतेक ठिकाणी ते झाकलेलं असतं. तरी नोंदणीची तारीख, मुदतीची तारीख आणि रजिस्ट्रार दिसतो. मालक झाकलेला असला तरी तक्रार करता येते. दाखल झाल्यावर संस्था रजिस्ट्रारकडून नाव मागवते आणि तुम्हाला तक्रार सुधारायला संधी देते. जाता जाता कुणा जाणत्याकडून त्या डोमेनला एमएक्स नोंद आहे का तेही बघून घ्या. असेल तर त्या नावाने ईमेल जाऊ-येऊ शकतात, म्हणजे उद्या तुमच्या पुरवठादाराला खोटं बिल जाऊ शकतं. पॅनेलला हे सांगण्यासारखं असतं.

तुमच्या बाजूचे कागद तारखेच्या क्रमाने लावा: पहिली बिलं, दुकान परवाना, अन्न परवाना, छापखान्याचं पाकिटांचं बिल, जत्रेतल्या स्टॉलची पावती, वर्तमानपत्रातलं कात्रण. मराठी कागद असतील तर तक्रारीच्या भाषेत भाषांतर जोडा. यूडीआरपीत भाषा डोमेनच्या करारनाम्याची असते, म्हणजे बहुतेकदा इंग्रजी.

ट्रेडमार्क अजून नोंदलेला नाही? मग समांतर तेही सुरू करा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला (मालाच्या एका प्रकाराला) ४५०० रुपये आहे. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठीच चार महिने जातात, तेव्हा चालू भांडणात त्याचा आधार मिळेल अशा भ्रमात राहू नका.

नोटीस पाठवायची का?

सक्ती नाही. नोटीस गेली की हुशार माणूस साइट पुसतो किंवा डोमेन दुसऱ्याच्या नावावर ढकलतो. तक्रार दाखल झाल्यावर मात्र डोमेन कुलूपबंद होतं. एक पथ्य कडक पाळा: 'किती घेणार?' असं आपण होऊन विचारू नका. त्याने न मागता मोठा आकडा सांगितला तर तो तुमचा पुरावा होतो. तुम्ही विचारल्यावर सांगितला तर त्याची धार जाते.

तक्रार आणि पुढचे दिवस

वायपोची तक्रार ईमेलने जाते, नमुना त्यांच्या साइटवर आहे, शब्दमर्यादा ५०००. वरचे तीन मुद्दे तीन मथळ्यांखाली मांडा, प्रत्येक वाक्यामागे जोडपत्राचा क्रमांक. रागाचे परिच्छेद काढून टाका. एका जागी सही करताना थांबून वाचा: निकालाला आव्हान दिलं गेलं तर रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाच्या किंवा डोमेनधारकाच्या पत्त्याच्या ठिकाणचं कोर्ट तुम्हाला मान्य, असं लिहून द्यावं लागतं. रजिस्ट्रार अमेरिकेतला असेल तर याचा अर्थ काय तो समजून घ्या.

फी १ ते ५ डोमेनसाठी, एक पॅनेलिस्ट असेल तर १५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या पुढे. तीन पॅनेलिस्ट हवे असतील तर ४०००. समोरच्याने तीन मागितले तर ती फी निम्मी-निम्मी. हरलेल्याकडून खर्च वसूल होत नाही आणि नुकसानभरपाई तर या प्रक्रियेत नाहीच. ती हवी असेल तर कोर्ट. मधेच तडजोड झाली आणि पॅनेल नेमलं गेलं नसेल, तर फीचा बराचसा भाग परत मिळतो.

पुढचा क्रम असा. रजिस्ट्रार खातरजमा करून डोमेनला कुलूप लावतो. प्रक्रिया सुरू झाली की समोरच्याला उत्तराला २० दिवस, त्याने मागितले तर आणखी ४. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही आपोआप जिंकत नाही, पॅनेल तुमचे कागद वाचणारच. नेमणुकीनंतर साधारण १४ दिवसांत निकाल. तुमच्या बाजूने लागला तर रजिस्ट्रार कामकाजाचे १० दिवस थांबतो, तेवढ्यात समोरचा कोर्टात गेला नाही तर डोमेन तुमच्याकडे.

निक्सीकडे घाट तसाच, काही फरकांसह. लवाद एकच, तो निक्सी आपल्या यादीतून नेमते. फी रुपयांत, ताजा आकडा त्यांच्या साइटवर. वकील लावलात तर वकीलपत्र जोडा. लवादाने समोरच्याला नोटीस काढली की प्रक्रिया सुरू झाली असं धरतात आणि तिथून ६० दिवसांत निवाडा अपेक्षित असतो, अपवाद म्हणून ३० दिवस वाढवून. लवाद खर्चही देववू शकतो. निवाड्याला आव्हान द्यायचं तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात.

मागणीच्या रकान्यात 'हस्तांतर' लिहा, 'रद्द' नको. रद्द झालेलं डोमेन बाजारात मोकळं होतं आणि तुमच्याआधी कुणाचं तरी यंत्र ते उचलतं.

तक्रार तुमच्यावर आली तर

घाबरून ईमेल पुसू नका आणि गप्पही बसू नका. २० दिवस मोजायला लागा. तेच तीन मुद्दे उलटे धरा: नाव साधा शब्द आहे, मी ते तुमच्या ब्रँडच्या आधी घेतलं, माझा खरा धंदा आहे. उत्तर द्यायला, एकच पॅनेलिस्ट असेल तर, फी नाही. मोठ्या कंपनीने दम देऊन नाव काढून घ्यायचा प्रयत्न केला असं दिसलं तर पॅनेल निकालात तसं स्पष्ट नोंदवतं. पैसे मिळत नाहीत, पण ती नोंद कायमची सार्वजनिक राहते.

डोमेन हातात आल्यावर

निकाल लागला की रजिस्ट्रार तुम्हाला खातं उघडायला सांगतो. ते धंद्याच्या नावाने उघडा, पण ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं तर ते परत मिळवायचा पत्ताही बंद पडतो. हस्तांतराचं कुलूप लावा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. जुन्या मालकाने लावलेल्या डीएनएस नोंदी (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या) सगळ्या पुसून नव्याने लावा, एमएक्ससकट. मग मुदतीची तारीख बघा. हस्तांतराने मुदत वाढतेच असं नाही, निकालानंतर महिनाभरात संपणारी डोमेनं मी पाहिली आहेत. जमेल तितक्या वर्षांचे पैसे एकदम भरा, आणि ती तारीख वहीत, पहिल्या तीन तारखांच्या खाली, चौथी म्हणून लिहून ठेवा.